फाटक्या पुस्तकातले दोन बादशहा

ज्या दोन बादशहांची तुलना करता करता माझं बालपण संपलं, त्यांची नावं मी इथं लिहिणार नाही. त्यांनी मला पुरेसं छळलं आहे. एक आजा होता आणि दुसरा त्याचा नातू, एवढं वाचणाऱ्याला पुरे. तेराव्या वर्षी त्या दोघांनी मला ज्या घोळात घातलं, तो अजून सुटलेला नाही. पुढे मी जन्मभर मास्तरकी केली, शेकडो पोरांना ‘तुलना करा’ म्हणून प्रश्न घातला, त्यांच्या उत्तरांवर लाल शाईनं रेघोट्या ओढल्या. पण तुलना करायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं कुणी मला एकटं गाठून विचारलं तर मी आजही पानाचा डबा पुढे करून विषय बदलतो.

दिवस निजामाच्या अमलाचे होते. आमचं गाव युसूफ वडगावपासून पायी तासाभराच्या वाटेवर, आणि शाळा वडगावला. शाळेला सुट्टी जुम्म्याची. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, इतिहास उर्दूत. मराठीत म्हणून शाळेत फक्त रडू यायचं. घरी आईजवळ मी इतिहासाला ‘तवारीख’ म्हणालो की ती विचारायची, हे कुठल्या दुखण्याचं नाव हाय. तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही.

शाळेत माझ्या तोडीचा एकच मुलगा होता. वडगावच्या बाजारात फळं विकणाऱ्या बागवानाचा. त्याच्या घरात दखनी बोलत, त्यामुळे उर्दू त्याच्या अंगवळणी पडलेली. त्याचं अक्षर असं की आमचे मास्तर, मौलवीसाहेब, त्याची लाकडी तख्ती पुसू द्यायचे नाहीत, दुपारपर्यंत भिंतीला टेकवून ठेवायचे. माझं अक्षर पुसण्याच्याच लायकीचं. पण एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नसे, त्यामुळे कधी तो पुढे, कधी मी. आमची दोस्ती होती आणि आम्ही एकमेकांचे काटेही होतो. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे तेव्हा कळत नव्हतं आणि त्याची गरजही वाटत नव्हती.

काटे असण्याचं कारण साधं होतं. दरसाल तालीमातचे मोहतमिम, म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब, आमच्याकडे येत. त्यांना इतिहासाचा फार नाद. बाकी विषय ते मौलवीसाहेबांवर सोडत, इतिहासाचा पेपर मात्र स्वतः घेत, आणि त्यात दोन राजांची तुलना हमखास असे. त्या उत्तरावरून एका मुलाला बीडच्या मोठ्या शाळेच्या बोर्डिंगात जागा मिळे. एकालाच. ज्याला मिळाली तो पुढे शिकला. ज्याला नाही मिळाली त्याची शाळा तिथंच संपली. माझी संपली असती तर मी बैलांच्या मागं गेलो असतो, त्याची संपली असती तर तो फळांच्या टोपलीमागं बसला असता. दोघांनाही बीडला जायचं होतं. मला तर जरा जास्तच.

पुस्तक एकच होतं, मौलवीसाहेबांचं स्वतःचं, जुनं. त्यांनी ते आम्हा दोघांत मिळून दिलं. मिळून दिलेल्या वस्तूचं जे व्हायचं तेच झालं. तिसऱ्याच दिवशी ओढाताणीत त्याची शिवण सुटली आणि पुस्तकाचे सरळ दोन भाग झाले. पहिला भाग माझ्या हातात राहिला, दुसरा त्याच्या. माझ्या भागात आजा बादशहा जन्मापासून मरणापर्यंत सबंध होता. त्याच्या भागात नातू सबंध होता. मधल्या बापाची चार-सहा पानं फाटण्याच्या जागी होती, ती वाऱ्यावर कुठं गेली कुणास ठाऊक. त्या बापाबद्दल मला आजही फारसं काही माहीत नाही.

आम्ही ही गोष्ट मौलवीसाहेबांना सांगितली नाही. ज्याच्याकडे जो भाग, त्यानं तो पाठ करायचा आणि मग दुसऱ्याला सांगायचा, असं ठरवलं. पण झालं भलतंच. मी आज्याचा झालो आणि तो नातवाचा झाला. मी म्हणायचो, माझ्या म्हाताऱ्यानं रस्ते बांधले; तो म्हणायचा, माझ्यानं दुष्काळात कोठारं उघडली. मी म्हणायचो, माझ्यानं एवढे गड घेतले; तो म्हणायचा, घेणं सोपं हाय बे, राखून दाखव. त्याच्या बापाच्या टोपल्यांशेजारी बसून आम्ही असे भांडायचो की फळं घ्यायला आलेली माणसं थांबून ऐकायची. एका बाईनं तर, तुमच्या दोघांच्या घरचा वाद हाय का, म्हणून चौकशी केली होती.

आता यात तुलना कुठं होती? मला वाटायचं हीच. मौलवीसाहेबांना तसं वाटत नव्हतं. त्यांची सांगण्याची रीत ठरलेली होती: आधी एकाचा पूरा हाल लिहा, मग दुसऱ्याचा पूरा हाल लिहा, आणि शेवटी फैसला द्या. मी तसं लिहून नेलं. दोन पानं आजा, दोन पानं नातू, खाली एक ओळ फैसला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले की ही दोन माणसांची दोन चरित्रं झाली, यात मुकाबला, म्हणजे तुलना, कुठाय? मी म्हणालो, आपणच सांगितलं होतं तसं लिहिलंय. ते म्हणाले, सांगितलं तसंच लिहायचं, पण दोघांना तराजूत घालून लिहायचं. माझ्या दोस्तानं विचारलं की दोन पारड्यांत दोघं बादशहा बसले तर वजनं कुठं ठेवायची. बागवानाच्या पोराला हा प्रश्न सुचणारच. मौलवीसाहेबांनी आम्हाला दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं. मला आता वाटतं, त्यांनाही उत्तर ठाऊक नसावं. पण मास्तरानं हे कबूल करायचं नसतं, हे मी स्वतः मास्तर झाल्यावर शिकलो.

मी हवालदिल झालो. साहेब यायला महिनाही उरला नव्हता आणि मला तुलना येत नव्हती. शेवटी मी वडिलांना विचारलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांना अक्षर कळत नव्हतं, पण बैल कळायचा. आसपासच्या गावांतला कुणी बैल घ्यायला निघाला की आबांना बरोबर नेत असे. त्यांनी हात लावलेला बैल वाया गेला, असं कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. म्हणून मी त्यांना सरळ विचारलं की दोन बादशहांत चांगला कोणता, हे कसं ओळखायचं.

त्यांनी उलट विचारलं, “दोघं एका वयाचे हायेत का?”

मी म्हणालो, नाही, आजा आणि नातू आहेत.

“मग जोडी लागत न्हाई,” असं म्हणून ते कडबा तोडायला लागले.

बोर्डिंग, बीड, सगळं त्या कडब्याबरोबर तुटताना दिसलं. मी तिथंच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी आपण होऊन विचारलं की नातवाच्या वयाचा असताना तुझा आजा कसा व्हता. मी म्हणालो, ते पुस्तकात शोधावं लागेल. ते म्हणाले, शोध, आणि बाजाराच्या दिवशी माझ्यासंगं चल. त्या दिवशी शाळा बुडवून मी त्यांच्यामागं गेलो.

बाजारात धर्मापुरीचे एक पाटील आले होते. त्यांच्या जोडीतला एक बैल मेला होता, उरलेल्याला जोड पाहिजे होती, आणि एकाच शेतकऱ्याचे दोन बैल त्यांना पसंत होते. त्यांतला कोणता घ्यावा, हे ठरवायला त्यांनी आबांना बोलावलं होतं. आबांनी आधी दोन्ही बैल शेजारी शेजारी उभे करायला लावले. मग एकाचं तोंड उघडून दात पाहिले आणि लगेच दुसऱ्याचे पाहिले. एकाचा पुढचा खूर उचलला, तो खाली ठेवून दुसऱ्याचा तोच खूर उचलला. वशिंडावर हात, लगेच दुसऱ्या वशिंडावर हात. दोघांना चालवलं, तेही एकाच वाटेनं. पाटील मध्येच म्हणाले की हा डावीकडचा दिसायला लई देखणा हाय. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परत येताना मला म्हणाले की एक बैल सगळा बघून मग दुसरा बघायला गेलास तर पैला इसरतो, आणि मग जो शेवटी बघितला तोच चांगला वाटतो. म्हणून दाताशी दात, खुराशी खूर.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. सगळं बघून झाल्यावर आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पाटलांच्या हातावर टाकलं आणि त्याच्या आत आपला हात घातला. बाजारात भाव असाच ठरतो, पण आबा निवडही अशीच सांगत. एक बोट दाबलं तर डावीकडचा, दोन दाबली तर उजवीकडचा. मग त्यांनी माझाही हात उपरण्याखाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी एक बोट दाबलं. त्यांनी माझी दोन बोटं घट्ट दाबली, म्हणजे माझं चुकलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली.

वाटेत मी विचारलं, सरळ बोलून का दाखवत नाही?

“धनी तिथंच उभा असतोय,” आबा म्हणाले. “त्यानं दोन्ही बैलांना हातानं चारलेलं असतंय. त्याच्या देखत एकाला कमी म्हनू नये.”

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं माझ्या दोस्ताला सांगितलं. का सांगितलं? जागा एक होती, रीत मला सापडली होती, ती पोटात ठेवायची सोडून मी शाळेच्या पायरीवरच त्याला धरून सांगत सुटलो. मोठ्या मनाचा होतो म्हणून सांगितलं असं लिहायला मला आवडेल, पण ते खरं नाही. सांगितलं कारण त्याच्या भागातली पानं मिळाल्याशिवाय माझी रीत चालत नव्हती. दाताशी दात लावायचा तर दुसरा बैल समोर पाहिजे. आम्ही त्या दिवशी पुस्तकाचे भाग बदलले.

मग पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही टोपल्यांशेजारी बसून नुसते दात आणि खूर लावत होतो. दोघांचं तिसावं वर्ष घ्यायचं. त्या वर्षी आज्याच्या हातात काय होतं, नातवाच्या हातात काय होतं. फौज फौजेशी, महसूल महसुलाशी, राग रागाशी. दोस्ताला ही रीत इतकी आवडली की तो बापाची सीताफळंही तशीच लावायला लागला आणि त्याबद्दल त्यानं मारही खाल्ला. उपरण्याची गोष्ट तर त्याला फारच पटली. तो म्हणाला, आज्याचा धनी तू, नातवाचा धनी मी, तवा एकमेकाच्या देखत कमीजास्त बोलायचं न्हाई. मी म्हणालो, न्हाई. दोघांनी टोपलीवरच्या रुमालाखाली हात घालून ते पक्कं केलं. आम्ही तेव्हा हसत होतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. त्याचा भाग वाचताना माझं मन फिरलं होतं. आज्यानं मिळवलं खरं, पण तिसाव्या वर्षी त्याच्याभोवती सगळी त्याचीच जिवाभावाची माणसं होती. नातू त्याच वयात एकटा होता, घरातले उलटलेले, वर दुष्काळ पडलेला, आणि तरी त्यानं काही मोडू दिलं नाही. दाताशी दात लावला की नातू सरस निघत होता. माझ्या म्हाताऱ्याशी हा दगा होता, म्हणून मी गप्प बसलो. इतका घोळ झाला होता की मेलेल्या बादशहापुढं मला लाज वाटत होती.

साहेब आले. बैलांच्या दमणीतून उतरले, पाणी प्यायले आणि फळ्यावर स्वतः प्रश्न लिहिला. तेच दोघं. तुलना करा आणि श्रेष्ठ कोण ते लिहा. मी तरटावर मांडी घालून लिहायला बसलो आणि आबांच्या रीतीनं सगळं सरसर उतरलं. शेवटी फैसल्याची ओळ आली आणि माझा हात थांबला. मौलवीसाहेबांनी शंभरदा सांगितलं होतं की फैसला पाहिजे. आबांनी सांगितलं होतं की धन्याच्या देखत बोलू नये. धनी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून लिहीत होता. शिवाय लिहायचं ते खरं की माझ्या बाजूचं, हेही ठरत नव्हतं. मी खालची ओळ कोरी सोडली आणि पेपर दिला. दिल्यावर लगेच वाटलं, हे आपण काय करून बसलो.

साहेबांनी सगळे पेपर चाळले, दोन बाजूला काढले आणि मेजावर शेजारी शेजारी ठेवले. एकातली एक ओळ वाचायचे, मग दुसऱ्यातली वाचायचे. ते अगदी आबांसारखं करत होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. मग आम्हा दोघांना पुढे बोलावलं. ते मौलवीसाहेबांना म्हणाले की अशी उत्तरं मी या जिल्ह्यात पाहिली नाहीत, दोन्ही सारखीच चांगली आहेत, पण दोघांनीही फैसला दिलेला नाही, हे काय शिकवलंत? मौलवीसाहेबांचा चेहरा पडला. मी दोस्ताकडे पाहिलं. त्यानंही ओळ कोरी सोडली होती. त्यानं आमचं रुमालाखालचं बोलणं पाळलं होतं.

साहेबांनी मार्ग काढला. म्हणाले, तोंडी सांगा. जो कारणासकट फैसला सांगेल त्याला जागा. आणि त्यांनी आधी त्याला विचारलं.

तो एवढा उर्दू बोलणारा, पण त्या वेळी मराठीतच बोलला. “हुजूर, दोन्हीचे धनी हितंच उभे हायेत. कसं सांगू?”

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी मौलवीसाहेबांकडे बघितलं, मौलवीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगू शकलो असतो. बैलबाजार, उपरणं, आबा, सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि साहेब रागावले नसते, कदाचित हसले असते. मी काही बोललो नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, तरी तो गप्प राहिला. मग ते माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, “आजा श्रेष्ठ. त्यानं स्वतः मिळवलं. नातवाला सगळं आयतं मिळालं.”

हे मी का बोललो, ते मला अजून सांगता येत नाही. मला ते खरं वाटत नव्हतं. साहेबांना आजा आवडतो असं कुणीतरी म्हणालं होतं, त्यामुळे असेल. जागेसाठी असेल. किंवा नातवाला वर काढलं तर दोस्ताचीच बाजू घेतल्यासारखं दिसेल, असंही वाटलं असेल. एवढं सगळं त्या क्षणात डोक्यात होतं की यातलं काहीच नव्हतं, तेही आठवत नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारली. दोस्त खाली मान घालून तरटाचा दोरा ओढत होता. त्याला आयतं काही मिळालं नव्हतं, हे मला त्याच वेळी लख्ख दिसलं आणि मला स्वतःची किळस आली. तरी मी आनंदातही होतो. हेही लिहायलाच पाहिजे.

घरी गेलो तेव्हा आबा बैल धूत होते. मी जागा मिळाल्याचं सांगितलं. आई धावत बाहेर आली, तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. आबांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं, साहेब काय म्हणाले, तू काय म्हणालास. मी सांगितलं.

त्यांनी विचारलं, “तो पोरगा तवा तिथंच व्हता का?”

मी म्हणालो, “व्हता.”

आबा बरं म्हणाले आणि बैलाच्या मानेवर पाणी ओतत राहिले. मला बीडला धाडायची तयारी त्यांनी नीट केली, पेटी घेतली, घोंगडी घेतली, कशात कमी केलं नाही. पण त्यानंतर त्यांनी मला कधी बैलबाजारात नेलं नाही, सुट्टीत घरी असलो तरी नाही. मी एकदा स्वतःहून म्हणालो तर म्हणाले, तुला आता मोठी कामं हायेत.

निघायच्या दिवशी वडगावहून बैलगाडी होती. दोस्त येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला, डोक्यावर सीताफळांची टोपली, वर ओला रुमाल. टोपली त्यानं गाडीत माझ्या पेटीशेजारी ठेवली. त्याच्याजवळ पुस्तकही होतं. दोन्ही भाग त्यानं पोती शिवायच्या दाभणानं आणि सुतळीनं एकत्र शिवले होते. म्हणाला, बीडात लागंल तुला, मौलीसाबला इचारून आणलंय. माफी मागायची होती, पण कशाची म्हणून मागू, तेच ठरत नव्हतं. जागेची, त्या वाक्याची, की गप्प राहिलो त्याची?

त्यानं टोपलीवरचा रुमाल थोडा सैल केला, त्याच्याखाली हात घातला आणि माझा हात आत ओढला.

“आता साहेब न्हाई,” तो म्हणाला. “आता सांग.”

एक म्हणजे आजा, दोन म्हणजे नातू, हे सांगायची गरज नव्हती. मी डोळे खाली घातले आणि त्याची दोन बोटं दाबली. सीताफळांच्या थंड खडबडीत सालीवर आमचे हात काही वेळ तसेच राहिले. मग त्यानं माझं एक बोट दाबलं. एकच. मला वाटलं, चुकून दाबलं असेल. त्यानं पुन्हा तेच एक दाबलं, हात काढून घेतला आणि गाडीवाल्याला निघायला सांगितलं.

मला समजायला वेळ लागला. नेकनूर मागं पडलं, बैल पाजून झाले, मांजरसुंब्याच्या घाटाशी कपिलधारला निघालेली दोन माणसं गाडीत बसली, उतरली. मी मांडीवर ते सुतळीनं शिवलेलं पुस्तक घेऊन बसलो होतो. त्यानंही माझा भाग वाचला होता. त्याचंही मन फिरलं होतं. त्याचा फैसला आजा होता. म्हणजे साहेबांनी त्याला आधी विचारलं तेव्हा त्यानं खरं सांगितलं असतं तर तेच उत्तर साहेबांना पाहिजे होतं, आणि गाडीत तो असता. शिवाय त्याचं बोलणं माझ्या देखत मला लागण्यासारखंही नव्हतं. त्यानं माझ्याच बादशहाला मोठं म्हटलं असतं. कमी म्हटलं असतं ते फक्त स्वतःच्या बादशहाला.

मग तो गप्प का राहिला? दिलेला शब्द पाळायचा म्हणून, की स्वतःच्या तोंडानं नातवाला कमी म्हणवेना म्हणून, की जागा मला मिळावी म्हणून? यातलं एकेक मी किती वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघितलं आहे. दाताशी दात लावतो, खुराशी खूर लावतो, आणि फैसल्याची ओळ कोरी राहते. विद्यार्थ्यांना मी शिकवताना आबांचीच रीत शिकवली. बाबांनो, एकाचं एक बघा, लगेच दुसऱ्याचं तेच बघा, एका वयाचे असताना बघा. शेवटी फैसला लिहा असंही सांगायचो, कारण तसं न सांगितलं तर पोरं नापास होतील. पण फळ्यावर उत्तर लिहून दाखवताना तिथं पोचलो की घंटा व्हायची, किंवा मी ती होऊ द्यायचो.

तो वडगावच्या बाजारातच बसला. बापाच्या जागी, त्याच टोपल्यांमागं. गावी आलो की मी त्याच्याकडं जातो, तो फळं काढून देतो, पोराबाळांचं विचारतो, मी त्याच्या पोराबाळांचं विचारतो. त्या गोष्टीवर आम्ही एकदाही बोललेलो नाही. टोपलीवर अजून ओला रुमाल असतो. हात घालून विचारावं असं दर वेळी मनात येतं, आणि मग त्याच्याकडचं दुसरं गिऱ्हाईक येतं, आणि मी पिशवी उचलून निघतो.